फॅशनवाल्याने सोललेली मिनी आणि आपली चादर

यंत्रमागवाला
ब्रिटिश फॅशन डिझायनर पॉल स्मिथसोबत मिनी या गाडी कंपनीने 2021 मध्ये 'स्ट्रिप' नावाची एकच कॉन्सेप्ट गाडी बनवली. इलेक्ट्रिक मिनी घेतली आणि नको ते सगळं काढून टाकलं. पत्र्याला रंग नाही, ग्राइंडरचे ओरखडे तसेच ठेवून वर पातळ पारदर्शक थर. डॅशबोर्डवर पुनर्वापराचा कॉर्क, स्टीअरिंगला सायकलच्या हँडलची टेप. मला पटलं. आता सांगा, गाडीच्या सीटला सोलापुरी चादरीचं जॅकार्ड कापड, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणलेलं कापड, का नको?

सात रस्ता
काय बे हे! रंग उडालेल्या रिक्षा आपल्याकडं पैशाला पासरी आहेत, त्यांना कोणी डिझाइन म्हणत नाही. ब्रँडचं नाव लागलं की ओरखड्यालाही भाव. शिवाय ती विकायची नव्हतीच, नुसता देखावा.

यंत्रमागवाला
विकायची हवी तर 2011 ची फॅशन ब्रँड गुचीची फियाट 500 घ्या. अंगावर हिरवा-लाल पट्टा. त्याला मीही देखावाच म्हणेन. स्ट्रिपच्या सीटचं विणलेलं कापड पाइपिंगसकट (शिवणीवरच्या गोटासकट) एकाच प्रकारच्या मालाचं आहे. गाडी मोडीत निघाली तर कापड वेगवेगळं करत बसायला नको. हा विचार पट्ट्यात नाही.

अक्कलकोट रोड
कापडाचं बोलायचं तर सीटचं कापड घासण्याच्या, उन्हाच्या, जळण्याच्या चाचणीत टिकावं लागतं. मे महिन्यात बंद काचेमागे आपल्या चादरीचा लाल रंग किती दिवस राहील? आणि त्या जाड सुती धाग्यात पँटच्या मागच्या खिशाची चेन एकदा अडकली की अख्खी ओळ ओढली जाते. पांघरायला उत्तम, बसायला नाही.

यंत्रमागवाला
मग धागा बदला. पॉलिस्टर घाला, कार्डावरचा मोर तोच राहील.

अक्कलकोट रोड
पॉलिस्टर घातलंत की पानिपतवाला तुमच्यापेक्षा स्वस्तात देणार. चादरीच्या नावाखाली तिकडचा माल आपल्याच बाजारात विकला जातोय, ते कमी आहे का? भौगोलिक मानांकन मिळूनही.

भवानी पेठ
आमच्या घरी माग आहेत म्हणून विचारते. नव्या नक्षीची कार्डं पाडायची तर खर्च होतो, आणि तेवढा वेळ माग बंद. एका गाडीपुरतं कापड हवं असेल तर ते कोण सोसणार? डिझायनरचं नाव गाडीवर जाईल, आमच्याकडं मजुरी मीटरवरच मिळते. आधी ऑर्डर किती मीटरची ते सांगा, मग मोराचं बघू.

यंत्रमागवाला
ऑर्डर नाही, ताई. जुन्याच कार्डावर दोन मीटर विणून माझ्या व्हॅनच्या सीटला लावतो.

सात रस्ता
व्हॅन उन्हात लावा म्हणजे झालं. शेडखाली ठेवून टिकलं म्हणू नका.