मायएसक्यूएल: इंडेक्स असूनही एका नोंदीच्या अपडेटला तीन-चार सेकंद

प्रश्न:
आमच्या दुकानाच्या स्टॉकचा डेटाबेस मायएसक्यूएल ८.० वर असून सर्व्हरला १६ जीबी रॅम आहे. स्टॉकच्या टेबलात सुमारे २२ लाख नोंदी आहेत. वस्तूच्या कोडवरून एक नोंद शोधून शिल्लक बदलणाऱ्या साध्या अपडेटला तीन-चार सेकंद लागतात आणि बिलिंगची गर्दी झाली की काही अपडेट लॉक (नोंद एका वेळी एकालाच बदलू देणारे कुलूप) मिळण्याची ५० सेकंदांची मुदत संपून रद्द होतात. मेमरी कमी पडत असावी असे समजून मी सॉर्ट बफर व जॉइन बफर (नोंदींचा क्रम लावण्यासाठी व टेबले जोडण्यासाठीची मेमरी) प्रत्येकी ६४ एमबी केले, तर सर्व्हर आणखीच मंदावला. कोडच्या कॉलमवर इंडेक्स (नोंद पटकन शोधून देणारी क्रमवार सूची) आहे.

उत्तर १:
ते दोन्ही बफर आधी मूळच्या २५६ केबीवर आणावेत. ते सर्व्हरला सामायिक नसतात, तर प्रत्येक कनेक्शन गरजेप्रमाणे स्वतःचे वेगळे घेते. शंभर कनेक्शनांनी एकाच वेळी दोन्ही घेतले, तर साडेबारा जीबी तिथेच संपतात आणि सर्व्हर स्वॅप करू लागतो, म्हणजे रॅममधला डेटा संथ डिस्कवर हलवू लागतो. वाढवायचा तो इनोडीबीचा (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) बफर पूल, म्हणजे टेबले व इंडेक्स मेमरीत ठेवण्याची सामायिक जागा, जो न बदलल्यास अवघा १२८ एमबी असतो. सर्व्हरवर दुसरे काही चालत नसेल, तर १० जीबी द्यायला हरकत नाही, आणि त्यासाठी रीस्टार्टही लागत नाही.

उत्तर २:
बफर पूलचा सल्ला योग्यच आहे, पण मूळ दुखणे तिथे नसावे. इंडेक्स असणे वेगळे आणि तो वापरला जाणे वेगळे. अपडेटच्या आधी एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारा आदेश) लिहून चालवा. 'की' (वापरलेला इंडेक्स) या रकान्याखाली प्रायमरी, म्हणजे टेबलाचा मुख्य इंडेक्स, दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण अपडेट संपूर्ण टेबल चाळते तेव्हाही तिथे प्रायमरीच दिसते. तपासाव्या लागणाऱ्या नोंदींचा अंदाजित आकडा पाहा. कोडचा कॉलम वारचार (मजकूर साठवणारा प्रकार) आहे का, आणि क्वेरीत कोड अवतरणचिन्हांशिवाय जातो का?

प्रश्नकर्ता:
आकडा २१ लाखांच्या वर आहे. सुरुवातीची शून्ये टिकावीत म्हणून कॉलम वारचार ठेवला होता, पण प्रोग्राममधून कोड ४१७ असा, संख्या म्हणून जातो. अवतरणचिन्हे घालून पाहिली, तर तोच आकडा १ झाला आणि अपडेट क्षणात उरकले.

उत्तर २:
संख्येशी तुलना करताना '४१७', '०४१७' आणि '००४१७' हे सारे समानच ठरतात, म्हणून मजकुराच्या क्रमाने लावलेला इंडेक्स तिथे निरुपयोगी होतो. टेबल चाळताना वाटेतल्या नोंदींवरही लॉक बसत गेल्यामुळे बाकीची बिले खोळंबत होती. पण वेगापेक्षा गंभीर गोष्ट अशी, की असे दोन कोड टेबलात असतील, तर एका विक्रीत दोन्ही वस्तूंची शिल्लक बदलली असेल. ती आजच तपासा.

प्रश्नकर्ता:
अशा ११ जोड्या सापडल्या. गोदामात प्रत्यक्ष मोजणी सुरू केली आहे.