विक्रीचा नकाशा: पिनकोड लावायचा, तालुका की अक्षांश-रेखांश?

मखमलाबादकर: ठिबकचे सुटे भाग विकणाऱ्या नाशिकच्या वितरकाची बिलं पॉवर बीआयच्या (मायक्रोसॉफ्टचं आकडेवारीचे तक्ते-नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) नकाशावर टाकायची, तर लोकेशन म्हणून कोणता कॉलम द्यावा? माझं मत पिनकोडला. तो प्रत्येक बिलावर असतो आणि नाशिक-नासिक स्पेलिंगचा घोळ होत नाही. नुसतं गाव दिलं तर ‘पेठ’ भलतीकडेच जाऊन बसतं. पिनचे पहिले तीन आकडे घेतले की जिल्हाही आयता मिळतो.

गोदाकाठ: शेवटचं वाक्य खोडा. पिन टपालाच्या बटवड्यासाठी आहे, महसुली हद्दीशी त्याचं देणंघेणं नाही. अकोले 422601, संगमनेर 422605, कोपरगाव 423601. तिन्ही तालुके अहिल्यानगरचे. 422-423 म्हणजे नाशिक धरलं की त्यांची विक्री नाशिकच्या खात्यात, आणि मग इन्सेंटिव्हवरून सेल्समनमध्ये भांडणं. तालुका घ्या. जिल्ह्यात 15 तालुके आहेत, सुरगाणा रिकामा दिसला तर तिथे डीलर नाही हे लगेच कळतं. मात्र ‘पेठ, नाशिक, महाराष्ट्र, भारत’ असा जोडून कॉलम करा.

मखमलाबादकर: बिलावर तालुका लिहितो कोण?

गोदाकाठ: बिलावर कशाला? ग्राहक मास्टरमध्ये, म्हणजे ग्राहकांच्या कायमच्या यादीत, एकदाच भरायचा, तोही यादीतून निवडून. नकाशावर तालुका-जिल्ह्याच्या सीमा आखणारी हद्दीची फाइलही तपासा. 2011 च्या जनगणनेवर बेतलेली असेल तर जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यात दिसतील. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 चा.

रूटवाला: दोघंही विक्रीप्रमाणे भाग रंगवायच्या नकाशात अडकलात. माल पोचवणाऱ्या गाडीचा रूट आखायचा तर अक्षांश-रेखांशच हवेत. पिन दिला की नकाशा एकच मध्यबिंदू धरतो, त्या पिनमधली सगळी दुकानं एकावर एक.

दोन्ही कॉलम दशांश प्रकारात ठेवा, डेटा कॅटेगरीत अक्षांश आणि रेखांश निवडा, आणि सारांशाचा पर्याय बंद करा. हे शेवटचंच लोक विसरतात. बेरीज चालू राहिली तर एकाच दुकानाच्या चार बिलांचा अक्षांश 20 चा 80 होतो, रेखांश 295 च्या पुढे. असं ठिकाण पृथ्वीवर नाही. कॉलम उलटे लागले तर नाशिक थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात! दशांशानंतर चार आकडे ठेवा, म्हणजे साधारण 11 मीटरपर्यंत नेमकं. दोनच ठेवले तर दुकान अर्धा किलोमीटरही सरकतं.

गोदाकाठ: ते आकडे आणायचे कुठून? पत्त्यावरून आपोआप काढले तर ‘सिडको, नाशिक’ला वसाहतीचा मध्य मिळतो. दशांशानंतर चार आकडे दिसले म्हणून तो बिंदू दुकानाचा होत नाही.

रूटवाला: बरोबर, म्हणून डिलिव्हरीच्या वेळी ड्रायव्हरने दुकानाच्या दारात मोबाइलच्या नकाशावर त्या जागेची खूण करायची. आणि बिलाचा पत्ता वेगळा, माल उतरला तो वेगळा. बिल सातपूर एमआयडीसीच्या ऑफिसच्या नावे, पाइप दिंडोरीच्या बागेत. हे दोन कॉलम वेगळे नसतील तर तुमचा तालुकाही चुकीचाच रंगणार.

मखमलाबादकर: मास्टर नीट भरला तर तालुका ठीक. पण तो सक्तीचा केला की काउंटरवरचा मुलगा यादीतलं ‘नाशिक’ सगळ्यांना लावून मोकळा होतो. पिन निदान गिऱ्हाईक स्वतः सांगतं.