मदत हवी आहे: प्रोयू-लॅकझी चाचणीत सुक्रोजला प्रतिसाद निम्माच का?

ई. कोलाय या जिवाणूच्या एमजी१६५५ मध्ये प्रोयूच्या (बाहेरची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं प्रमाण, वाढली की चालू होणारा जनुकसमूह) प्रमोटरला, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला, लॅकझी (बीटा-गॅलॅक्टोसिडेज एन्झाइमचं जनुक) जोडलेला स्ट्रेन आहे. एम९ हे साधं क्षारांचं माध्यम, ०.४ टक्के ग्लुकोज, ३७ अंश. ०.३ मोलर मिठाला बीटा-गॅलॅक्टोसिडेज झकास चढतं. साधारण तेवढ्याच ऑस्मोलॅलिटीसाठी ०.५ मोलर सुक्रोज दिलं, की मिलर युनिट्स (या एन्झाइमच्या क्रियेचं माप) निम्म्यावर. ग्लिसरॉल पटलातून आत शिरतं, त्यामुळे तिथे काहीच चढत नाही, ते अपेक्षितच.

एलबी हे यीस्ट एक्स्ट्रॅक्टवालं नेहमीचं माध्यम मुद्दाम टाळलंय. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधलं ग्लायसिन बीटेन (ऑस्मोटिक ताणापासून वाचवणारा रेणू) पेशी आयतं उचलते आणि प्रोयू दबून राहतो. सुक्रोज ऑटोक्लेव्ह केलेलं नाही, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलंय. उष्णतेने त्याचं थोडंफार ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि कणसंख्या वाढते. नमुने ६०० नॅनोमीटरला ०.४ च्या आसपास घेतो, ओएनपीजीची (एन्झाइमने तोडलं की पिवळा रंग देणारा पदार्थ) विक्रिया सोडियम कार्बोनेटने थांबवतो.

माझा संशय दोन ठिकाणी आहे. एक, दाट सुक्रोजमुळे सेंट्रिफ्यूजमध्ये पेशींचा गोळा नीट बसत नाही; झेड बफरमध्ये (चाचणीचं बफर) घेताना पेशी वर तरंगत निघून जातात का? दुसरा जास्त महत्त्वाचा: सुक्रोजमध्ये वाढ मंदावते, तेव्हा पेशीतलं पोटॅशियम ग्लुटामेट खरंच मिठाइतकं साठतं का? ते कमी पडलं तर प्रोयूला दाबून ठेवणाऱ्या एच-एनएस या प्रथिनाची डीएनएवरची पकड पुरती सुटणार नाही.

कुणी सुक्रोजऐवजी सॉर्बिटॉल वापरलंय का? ई. कोलाय ते खातो, म्हणून मी बिचकतोय.

आणि पुण्यात, शक्यतो पाषाण किंवा गणेशखिंड भागात, गोठणबिंदूवर चालणारा ऑस्मोमीटर कुठे वापरायला मिळेल? माध्यमाचे आकडे नुसते हिशेबाने धरायचे नाहीत, मोजायचे आहेत. नमुना अर्धा मिली पुरवता येईल.