गुन्हेकथेतली पोलीस बाई कायम मोडलेलीच का?

(कोल्हापूरच्या वाचकांमधला संवाद. प्रत्येकाच्या मजकुरावर नावाऐवजी पत्ता किंवा ओळख आहे.)

नववी गल्ली, राजारामपुरी

परवाच्या पावसात दोन रात्रींत एक कादंबरी संपवली. उत्तर युरोपातल्या एका बंदराच्या गावातली, मराठीत अनुवाद झालेली. हिवाळा, दुपारी तीनलाच अंधार. तपास अधिकारी चाळिशीतली बाई. झोपेच्या गोळ्या, मोडलेलं लग्न, तिच्याशी न बोलणारी मुलगी. गावात तीन बायका मरतात. पहिला मृत्यू आत्महत्या वाटतो, नंतर कळतं की तिन्ही खूनच. आणि धागा शेवटी पोचतो तो या अधिकारी बाईच्या लहानपणापाशी, तेव्हा तिच्यावर झालेल्या अत्याचारापाशी.

पहिली शंभर पानं मी पुस्तक खाली ठेवलं नाही. त्यातला एक प्रसंग तर अजून डोळ्यांसमोर आहे. ती मेलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात एकटी उभी असते. फ्रिज उघडते. आत दुसऱ्या दिवशीचा डबा भरून ठेवलेला, झाकणावर वार लिहिलेली चिठ्ठी. ती फ्रिज लावते, बाहेर येऊन शेजारणीला विचारते, "ह्या कामावर किती वाजता निघायच्या?" एवढंच. उद्याचा डबा भरून ठेवणारी बाई आज जीव देत नाही, हे तिला वीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलंय. त्या एका प्रश्नात मला ती अधिकारी कळली.

पुढं मात्र लेखकाचा तिच्या नोकरीवरचा विश्वास उडतो. तिला जे जे कळतं, ते तिच्या जुन्या जखमेमुळं कळतं असं तो सांगायला लागतो. खुनी ओळखला, कारण तिनं ते भोगलंय. साक्षीदार मुलगी तिच्याशी बोलली, कारण तिनं ते भोगलंय. मग ती वीस वर्षं गेली कुठं? कादंबऱ्यांतले पुरुष अधिकारीही दारू पितात, एकटे राहतात, पण त्यांना खुनी सापडला की आपण म्हणतो, माणूस हुशार आहे. लहानपणी त्याच्याबरोबर काय झालं होतं, हे कुणी विचारत नाही. बाईच्या हुशारीला मात्र आधी जखमेचा दाखला लागतो. माझं म्हणणं इतकंच, की तिला त्रास असू दे, पण तो कामातून आलेला असू दे.

उत्तरेश्वर पेठ

ताई, पुस्तक मीही वाचलंय, करवीर नगर वाचन मंदिरातनं आणून. तुमचं पटलं नाही.

तुम्ही जखमेला दाखला म्हणताय. मला ती त्या कादंबरीतली एकमेव खरी गोष्ट वाटली. जुन्या रहस्यकथेत खून म्हणजे कोडं असायचं. शेवटच्या पानावर उत्तर मिळालं की सगळे चहाला मोकळे. मेलेल्या माणसाचं कुणाला काही नसायचं. ही काळोखी कादंबरी सांगते की आरोपी आत गेला तरी झालेलं संपत नाही, ते कुणाच्या तरी अंगात राहतं. इथं ते तपास करणारीच्याच अंगात राहिलंय. म्हणून तर ती मुलगी तिच्याशी बोलते! मार लागलेल्या माणसाला दुसऱ्याचा मार ओळखता येतो, यात तिच्या हुशारीचा अपमान कुठं झाला? आणि पुरुष अधिकाऱ्याचं लहानपण कुणी विचारत नाही म्हणून बाईचंही विचारू नका, हा उलटा न्याय झाला. दोघांचंही विचारा की.

मंगळवार पेठ

मी सत्तरीला आले आहे. हे पुस्तक सुनेनं दिलं होतं, साठाव्या पानावर, मेलेल्या लेकराचं वर्णन आलं तिथं मिटलं.

१९९६ च्या शेवटी अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली पकडल्या गेल्या, तेव्हा माझा धाकटा शिशुवर्गात होता. लहान मुलं पळवायची, त्यांना चोऱ्यांत वापरायचं, नकोशी झाली की मारायचं. हे रोज पेपरात येत होतं आणि त्या बायका आपल्याच भागातल्या. अंबाबाईच्या देवळात गर्दीत गेलं की मी मुलाचं मनगट इतकं घट्ट धरायचे की वळ उठायचे. शाळेच्या फाटकापाशी सगळ्या आया अर्धा तास आधी येऊन उभ्या. ते दिवस ज्यांनी काढले, त्यांना मेलेल्या लेकराचं दोन पानं वर्णन कशाला वाचायला द्यायचं? अधिकारी मोडलेली की धडधाकट हा तुमचा वाद नंतरचा. मेलेली बाई, मेलेलं मूल या पुस्तकांत नुसतं सजावटीला ठेवतात, याचा मला संताप येतो.

न्याय संकुल, बावडा

काकू, तुमच्या संतापाचा आदर ठेवून लिहितो. मी फौजदारी वकिली करतो.

त्या खटल्यात सरकार पक्षाला मोठा आधार होता तो माफीच्या साक्षीदाराचा, म्हणजे त्यातल्याच एकीच्या नवऱ्याचा. आई खटला उभा राहण्याआधीच १९९७ मध्ये वारली. दोघी बहिणींना इथल्या सत्र न्यायालयानं २००१ मध्ये फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये ती कायम केली, २०१४ मध्ये दयेचे अर्ज फेटाळले गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं, त्या अर्जांवरच्या निर्णयाला सरकारनं लावलेल्या विलंबामुळं, जन्मठेप केली. पकडल्यापासून पंचवीस वर्षं.

आता ही कादंबरी घ्या. शेवटी ती बाई खुन्यासमोर बसते, आपली जखम त्याला सांगते, तो विरघळतो आणि सगळं कबूल करतो. आपल्याकडं पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालतच नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात तेच कलम २३ झालं. त्याच्या सांगण्यावरून कोयता सापडला, तर तेवढा सापडल्याचा भाग चालतो. म्हणून इथली अधिकारी जखम दाखवून केस जिंकू शकत नाही. तिला पंच लागतात, ते फितूर होणार नाहीत हे बघावं लागतं, आणि खुनाच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. एकोणनव्वदाव्या दिवशी लॅबचा रिपोर्ट आला नसेल, तर त्या रात्री तिला झोप लागेल का? तिच्या निद्रानाशाला एवढं कारण पुरतं. नववी गल्लीच्या बाजूनं माझं मत.

फौजदाराची लेक

इतके दिवस नुसती वाचत होते. आई १९८४ मध्ये शिपाई म्हणून भरती झाली आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाली. सुरुवातीची वर्षं खाकी साडीत. जोतिबाच्या चैत्री यात्रेचा बंदोबस्त लागला की आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करायची, कारण डोंगरावर जायला आडोसा नसायचा.

विवाहितेच्या सासरच्या छळाचं ४९८-अ हे कलम १९८३ मध्ये आलं, हुंडाबळीचं ३०४-ब १९८६ मध्ये. आईची उमेदीची वर्षं त्यातच गेली. जळालेली मुलगी सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात आणली की बाई पोलीस म्हणून हिला बोलावणं यायचं. नायब तहसीलदार मृत्यूपूर्व जबाब घ्यायला येईपर्यंत हिनं खाटेशेजारी बसायचं, सासरचं कुणी कानाशी लागू द्यायचं नाही. कधी तहसीलदार वेळेत यायचे, कधी त्याआधीच सगळं संपायचं. मग इन्क्वेस्ट, म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, तोही हिच्यासमोर. घरी आली की मागल्या दारानं मोरीत, अंघोळ करूनच आत.

आमच्यात वांग्याचं भरीत कधी झालं नाही. वांगं चुलीवर भाजलं की ती उठून बाहेर जायची. कारण मी लग्नानंतर सासरी विचारलं गेल्यावर शोधलं. तिनं सांगितलं नाही, माझं मला कळलं.

म्हणून नववी गल्लीताई, तुमचं अर्धं पटतं. जखम कामातून येते, आईची तशीच आली. पण उत्तरेश्वर पेठेचंही अर्धं पटतं. माझी आई कधीच "मला त्रास होतोय" म्हणाली नाही. म्हणाली असती तर 'बाईमाणूस, झेपत नाही' म्हणून टेबलावर बसवली असती. पुस्तकातली ती बाई गोळ्या घेते, रडते, चुकते, हे मी वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. कुणीतरी ते लिहिलंय याचं बरं वाटलं.

उत्तरेश्वर पेठ

ताई, भरताचं वाचून हात थांबला होता.

तरी वकीलसाहेबांना आणि नववी गल्लीला एक विचारतो. काम आणि घर अशी रेघ तुम्ही मारताय, ती पोलीस बाईच्या आयुष्यात असते का? आपल्याच हातकणंगले तालुक्यातल्या आळत्याच्या अश्विनी बिद्रे सहायक पोलीस निरीक्षक होत्या. एप्रिल २०१६ मध्ये त्या बेपत्ता झाल्या. त्यांच्या खुनासाठी एका पोलीस निरीक्षकाला पनवेलच्या न्यायालयानं जन्मठेप दिली, ती एप्रिल २०२५ मध्ये. मधली नऊ वर्षं घरच्यांनी हेलपाटे घातले. तिथं घाव कामातला म्हणायचा की घरचा? खात्यातल्या माणसानं केलेला घाव कुठल्या खान्यात टाकणार? अशा गोष्टीला काळोखी कादंबरीच लागते. स्वच्छ, कार्यक्षम, दुपारी डबा बघून खुनी ओळखणारी बाई तिथं अपुरी पडते.

नववी गल्ली, राजारामपुरी

दादा, बिद्रेंचं नाव निघालं की इथल्या कुठल्याही बाईला बोलणं जड जातं. पण बघा, तुम्ही उदाहरण दिलंत ते मेलेल्या बाईचं. मी मागतेय ती तपास करणारी. माझी भीती हीच आहे की पोलीस बाई म्हटलं की आपल्याला आधी तिचा घाव आठवतो, मग तिचं काम. ती काळोखात उभी असू दे, पण तिच्या हातात बॅटरी असू दे.

काकू, मेलेल्या मुलाच्या वर्णनाबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. ती दोन पानं मीही ओलांडून गेले, आणि कथेचं काही अडलं नाही.

खान्यांबद्दल तुमचा प्रश्न खरा आहे. 'कामातून आलेला' हा माझा शब्द अपुरा होता. खातं हेच तिचं काम आणि तेच तिला गिळणारं, असं कुणी मराठीत लिहिलं, आपल्या मातीतलं, स्टेशन डायरीसकट, तर मी पहिली विकत घेईन.

मंगळवार पेठ

ओलांडून गेलात, पण छापलं गेलंच ना. माझं मत तेच आहे. फौजदाराच्या लेकीनं लिहिलंय त्यात एकाही देहाचं वर्णन नाही, आणि मला रात्री जेवण गेलं नाही. लिहायचं तर असं लिहा.

फौजदाराची लेक

काल आईला तो डब्याचा प्रसंग वाचून दाखवला. पहिल्यांदाच असं काही वाचून दाखवत होते, आवाज जरा कापत होता. तिनं डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, काहीतरी जुनं सांगेल.

म्हणाली, "डबा तसाच ठेवून आली? तो पंचांसमोर सील करून पुण्याला रासायनिक तपासणीला पाठवायला पाहिजे होता. विष त्यातच असलं तर?"

मग थोड्या वेळानं म्हणाली, "चिठ्ठीवर वार कुठला होता?"

मी सांगितलं, गुरुवार. तिनं चष्मा मागितला आणि पुस्तक माझ्या हातातून घेतलं.