मदत हवी आहे : घरी समुद्र शिकवताना बरणीतले थर टिकत नाहीत

विदर्भकन्या
नमस्कार. गेले पंधरा दिवस मी मुलींना घरच्या घरी समुद्राविषयी शिकवण्याचा प्रयत्न करीत आहे आणि आता माझा धीर सुटत चालला आहे. काचेच्या बरणीत समुद्राचे थर करून दाखवायचे ठरवले होते, पण तिन्ही वेळा खालचे थर दहा मिनिटांत एकमेकांत मिसळले आणि बरणीत नुसते निळे पाणी उरले. मिठाच्या कणकेचे तारामासे केले, ते वाळताना मधोमध तडकले. मराठीत वाचून दाखवण्यासारखे पुस्तकही हाती लागत नाही. जी मिळाली ती एक तर जलपरीच्या गोष्टींची आहेत, नाही तर थेट स्पर्धा परीक्षेची. दिवाळीच्या सुट्टीला तीन आठवडे उरले आहेत आणि त्याआधी हे मार्गी लागायला हवे. नेमके कुठे चुकते आहे? व्हिडिओंचे दुवे कृपया देऊ नयेत, सगळे पाहून झाले आहेत.

शिंपला
मुलींची वये किती आहेत, बरणीत कोणकोणते द्रव घातले आणि दिवाळीच्या आधीच का, एवढे कळले तर काही सांगता येईल. तोवर एक सुचवतो : अंड्याचा प्रयोग करा. साध्या पाण्यात अंडे बुडते आणि मीठ घातले की तरंगते. मुले टाळ्या वाजवतात आणि समुद्राचे पाणी वेगळे असते हे त्यांना पटते.

गच्चीवरची बाग
मी तर म्हणेन की हे सगळे सोडा आणि घरात एक मत्स्यटाकी आणा. आमच्याकडे चार वर्षांपासून आहे. पाणी कसे बदलावे, खाणे किती घालावे, यावर मी सविस्तर लिहू शकेन.

विदर्भकन्या
मत्स्यटाकी नको आहे. मुली पाच आणि नऊ वर्षांच्या आहेत. द्रव म्हणजे पाणीच, दुसरे काय असणार? तळाला गडद निळे, त्यावर मध्यम निळे, त्यावर फिकट निळे आणि सर्वांत वर तेल. दिवाळीत आम्ही तारकर्लीला जाणार आहोत. आम्ही नागपूरला राहतो आणि दोघींनीही समुद्र अजून पाहिलेला नाही. हे आधी सांगायला हवे होते का?

शिंपला
हे आधी सांगितले असते, तर तुमच्या तीन बरण्या वाचल्या असत्या. पाण्यावर पाणी ओतले की ते मिसळणारच. रंग वेगळा केल्याने त्याचे वजन बदलत नाही. तळाला मध, त्यावर भांडी घासायचे लिक्विड, त्यावर रंगवलेले पाणी आणि वर शेंगदाण्याचे तेल, असे चार थर सहज टिकतात. प्रत्येक द्रव चमच्याच्या पाठीवरून, बरणीच्या कडेने, बारीक धारेने सोडा. खाण्याचा रंग तेलात विरघळत नाही, म्हणून वरचा थर निळा करण्याच्या नादी लागू नका. खोबरेल तेल मात्र टाळा. नागपूरच्या थंडीत ते थिजेल आणि मुली विचारतील की समुद्रावर बर्फ कुठून आला.

जुना मास्तर
मी चौतीस वर्षे भूगोल शिकवला, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. बरणी टिकली तरी ती मुलींना चुकीचेच शिकवील. समुद्रात मधावर तेल ठेवल्यासारखे निराळे द्रव नसतात; आपण ज्यांना थर म्हणतो त्यांच्या सीमा सूर्यप्रकाश कुठवर पोहोचतो आणि खोली किती यांवरून ठरवलेल्या आहेत. शिवाय बरणीत सगळे थर सारख्या जाडीचे दिसतात. प्रत्यक्षात भरपूर उजेडाचा थर सुमारे २०० मीटरपर्यंतच असतो, अंधूक उजेड १,००० मीटरपर्यंत आणि त्याखाली सगळा अंधार. पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेची सर्वांत खोल जागा जवळजवळ ११ किलोमीटरवर आहे.

माझ्या शाळेत आम्ही एक पट्टी करीत असू. जुन्या कॅलेंडरांची पाने कोऱ्या बाजूने एकाखाली एक चिकटवायची आणि १ सेंटीमीटर म्हणजे १०० मीटर धरायचे. उजेडाचा थर अवघा २ सेंटीमीटर भरतो. १० सेंटीमीटरवर अंधूक उजेड संपतो, महासागरांची सरासरी खोली ३७ सेंटीमीटरच्या आसपास येते आणि मारियाना गर्ता १०९ सेंटीमीटरवर. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला जिथे खनिज तेल निघते, तिथे पाणी जेमतेम ७५ मीटर खोल आहे, म्हणजे आपल्या पट्टीवर पाऊण सेंटीमीटर. इतक्या दूर जाऊनही आपण उथळ पाण्यातच असतो, हे कोणत्याही बरणीत दाखवता येत नाही.

जाता जाता अंड्याविषयी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते आणि तेवढ्या मिठात ताजे अंडे तरंगत नाही. त्यासाठी तिप्पट-चौपट मीठ लागते. प्रयोग जरूर करावा, पण 'समुद्रात अंडे तरंगते' असे सांगू नये.

शिंपला
मास्तर, आपले ज्ञान मान्य आहे, पण पाच वर्षांच्या मुलीला सेंटीमीटर आणि किलोमीटर यांतले काय कळणार? बरणी तिला हातात घेता येते, तिरकी करून पाहता येते. माझ्या मुलाने त्या बरणीला नाव ठेवले होते. आधी गोडी लागू द्या, मोजमाप मागाहून येईल.

जुना मास्तर
गोडी खोट्या गोष्टीची लागली, की ती सोडवायला दुप्पट वेळ जातो. आणि सेंटीमीटर कळण्याची गरज नाही. पाच वर्षांचे मूल साधारण ११० सेंटीमीटर उंच असते; पट्टी भिंतीला लावा आणि धाकटीला तिच्याशेजारी उभी करा. तिचा माथा म्हणजे समुद्रसपाटी आणि तिच्या टाचा म्हणजे मारियाना. सूर्याचा उजेड तिच्या कपाळापर्यंतसुद्धा धड पोहोचत नाही.

मीठभाकर
तारामाशांबद्दल कोणीच बोलले नाही. दोन वाट्या मैद्याला एक वाटी मीठ आणि लागेल तसे पाणी हे प्रमाण ठीक आहे, परंतु आपण खडे मीठ वापरले का आणि तारामासे उन्हात वाळवले का? माझे स्वतःचे या दोन्ही कारणांनी तडकले होते. मीठ मिक्सरमधून पिठासारखे बारीक करून घ्यावे, जाडी अर्ध्या सेंटीमीटरहून अधिक नसावी आणि सावलीत, वर्तमानपत्रावर, रोज उलटवून तीन दिवस वाळू द्यावे. रंग दिल्यावर वरून फेविकॉलचा पातळ हात फिरवावा, अन्यथा दमट हवेत मीठ पाणी ओढते आणि पोटातून कणीक मऊ पडते. चमकी लावू नये; चमकी म्हणजे प्लास्टिकचेच कण, हात धुतले की ते मोरीतून नाल्यात आणि नाल्यातून पुढे जातात. बारीक रवा रंगवून भुरभुरला तर तारामाशाची खरखरीत पाठ अधिक खरी दिसते.

विदर्भकन्या
खडे मीठच होते आणि गच्चीवर उन्हातच ठेवले होते. आभारी आहे.

आणखी एक अडचण आहे, जी मी लिहिली नाही, कारण ती आमच्या घरातलीच गंमत वाटली होती. बरणी पाहिल्यापासून धाकटी म्हणते, "समुद्रात कोणीतरी रंग टाकलाय." तारकर्लीहून बाटली भरून आणायची आणि त्यात पांढरा रुमाल बुडवून निळा करायचा, असा तिचा बेत आहे. पाणी निळे नसते असे सांगितले, तर ती बरणीकडे बोट दाखवते. तिची आजी म्हणते की आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून समुद्र निळा दिसतो. हे बरोबर आहे का?

जुना मास्तर
आजींचे थोडे बरोबर आहे, कारण पृष्ठभागावर आकाश दिसतेच. मुख्य कारण मात्र निराळे आहे. पाणी उजेडातला तांबडा रंग आधी शोषून घेते आणि निळा सर्वांत खोलवर जातो, त्यातला काही विखरून परत येतो. बाटलीभर पाण्यात शोषण इतके थोडे होते की ते डोळ्यांना दिसत नाही. याला बरणी नको, निळा जिलेटीन कागद आणा. पांढऱ्या कागदावर एक लालभडक आणि एक पिवळा मासा रंगवा आणि त्यांवर जिलेटीनची एकेक घडी वाढवत जा. चार-पाच घड्यांनंतर लाल मासा काळपट पडून अंधारात हरवतो. खोल समुद्रातले कित्येक प्राणी लाल असतात ते यामुळेच : तिथे लाल उजेडच पोहोचत नाही, म्हणून लाल असणे म्हणजे दिसेनासे होणे. आणि कोकणचा किनारा चित्रातल्यासारखा निळाच दिसेल, असे वचन मुलींना देऊ नका. गाळ ढवळला गेला असेल तर पाणी मातकटही असते.

अलिबागकर
बरणी आणि पट्टी यांवरून वाद चालला आहे, पण समुद्र हलतो हे कोणीच शिकवत नाही. मुली पहिल्यांदा किनाऱ्यावर जाणार आहेत, तेव्हा त्यांना सर्वप्रथम भरती-ओहोटी दिसेल. आमच्याकडे कोळीवाड्यात जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा आणि तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपासची ती भांगाची भरती, पाणी फार चढत नाही.

पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा, खालच्या मोठ्या चकतीवर घड्याळाचे तास आणि वरच्या लहान चकतीवर भरती-ओहोटीचे बाण काढा आणि मधोमध खिळा मारा. रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहायची आणि बाण फिरवायचा. नऊ वर्षांच्या मुलीचा पाऊणकीचा पाढाही होऊन जातो.

शिंपला
हा हिशेब अंदाजाचा आहे हे लिहायला हवे होते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, आपल्या सूत्राने पंचेचाळीस मिनिटे होतात आणि गावागणिक वेळ बदलते. पाण्यात उतरायचे ते तिथल्या माणसांना विचारूनच.

अलिबागकर
पाण्यात उतरायला सांगितलेलेच नाही, पुठ्ठा फिरवायला सांगितला आहे.

समुद्रापारची आजी
मी न्यू जर्सीला असते आणि नातवंडांना हेच शिकवते, पण मराठीतून. आपल्याकडच्या पुस्तकांत शार्क, स्क्विड, लॉब्स्टर अशीच नावे असतात. मुशी, माकूल, शेवंड ही नावे मुलांच्या कानांवर पडतच नाहीत. तारकर्लीला गेलात तर पहाटे मालवणच्या मासळीबाजारात एक फेरी मारा. बांगडा, तारली, सुरमई, पेडवे, कुर्ल्या यांचे एवढे मोठे चित्रपुस्तक दुसरीकडे मिळायचे नाही. २०२३ साली पापलेट, त्यातही रुपेरी पापलेट, महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला, हे माझ्या नातवाने मला सांगितले आणि लगेच विचारले, "मग आपण त्याला तळतो का?" तुम्ही मासे खाता का, हे तुम्ही लिहिलेले नाही.

विदर्भकन्या
आम्ही खात नाही. बाजारात मात्र नेईन, वासाचे काय होते ते पाहू. पुस्तकांचा प्रश्न अजून तसाच आहे.

मीठभाकर
बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येतात. मासिक १९७१ पासून निघते, त्यामुळे शोधायला चिकाटी लागेल, पण थोरलीला वाचता येतील असे लेख त्यात मिळतात. धाकटीसाठी प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रगोष्टी आहेत. त्या छापून, मध्ये दोरा घालून शिवता येतात. आम्ही शेवटी चार कोरी पाने जोडली होती आणि सहलीहून आल्यावर मुलाने ती स्वतः भरली.

शंख-शिंपल्या गोळा करताना एक पथ्य पाळावे : शंख हातात घेऊन थोडा वेळ थांबावे, कारण त्यात बरेचदा संन्यासी खेकड्याचा संसार असतो. प्रवाळाचे तुकडे कोणी विकत असेल तर घेऊ नयेत, प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

गच्चीवरची बाग
वेळासला कासवे पाहायला न्या, तेवढ्यात जमेल.

अलिबागकर
दिवाळीत वेळासला पिल्ले दिसत नाहीत. ऑलिव्ह रिडले कासविणी थंडीत अंडी घालतात, पिल्ले साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी निघतात आणि त्यांना समुद्रात सोडताना पाहायचे तर फेब्रुवारीनंतर जावे लागते. शिवाय वेळास रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात आहे आणि तारकर्ली सिंधुदुर्गात. 'तेवढ्यात' जमणार नाही.

विदर्भकन्या
सर्वांना कळवते. बरणी मधाची केली आणि ती टिकली, पण धाकटीने बोट बुडवून मध चाखण्याच्या नादात लिक्विड तोंडात घातले, म्हणून ती आता कपाटावर ठेवली आहे. जिलेटीनखालचा लाल मासा दोघींना फार आवडला. थोरलीने त्याच्या खाली मुद्दाम एक हिरवा मासा काढला आणि तो का दिसतो यावर मला दोन दिवस छळले.

पट्टी काल स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लावली. धाकटीची उंची १०७ सेंटीमीटर भरली, त्यामुळे पट्टीवर मारियाना तिच्या टाचांच्याही दोन सेंटीमीटर खाली गेली. हे तिला मुळीच पटले नाही. मग थोरलीने घरातले स्पर्धा परीक्षेचे ते जाड पुस्तक आणून तिच्या पायांखाली ठेवले. सपाटीला माथा टेकल्यावर तिने कपाळावर बोट ठेवले आणि विचारले, "उजेड एवढाच? मग माझ्या पोटातल्या माशांना दिसतं कसं?" मी मास्तरांना विचारून सांगते असे म्हटले आहे. तेव्हा मास्तर, वेळ मिळाला की लिहावे.

भरतीचे चक्रही झाले आहे. तृतीयेला सव्वादोन ही वेळ बरोबर आहे का?

अलिबागकर
बरोबर आहे. तारकर्लीला पोहोचलात की काठी रोवून पडताळून पाहा आणि फरक किती आला ते इथे लिहा.