नववीतली मुलगी विचारतेय, इतिहास कशाला शिकायचा?

प्रश्न
मुलगी नववीत आहे. काल पहिल्या महायुद्धाचा धडा पाठ करताना तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "बाबा, हे सगळं फोनवर सापडतं. मग डोक्यात कशाला कोंबायचं?" माझ्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं. काय सांगू तिला?

उत्तर
मी एकवीस वर्षं नववी-दहावीला इतिहास शिकवते. फोनवर सापडतं हे खरंच आहे, पण सापडलेलं खरं आहे का, ते कोण ठरवणार?

मी दरवर्षी वर्गात एका दानपत्राचा उतारा वाचायला देते. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात पश्चिमेकडची सत्ता पोपला देऊन टाकली, असं त्यात लिहिलंय. कित्येक शतकं लोक ते खरं मानत होते. १४४० मध्ये लोरेन्झो व्हाल्ला या लॅटिनच्या जाणकाराने त्याची भाषा तपासली. रोमच्या सरदारांबरोबर त्यात 'सत्रप' आले होते! सत्रप म्हणजे इराणी साम्राज्यातले सुभेदार. ते रोममध्ये कुठून येणार? अशा खुणांवरून दानपत्र बनावट ठरलं.

गेल्या वर्षी मी काही सांगायच्या आत शेवटच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, हा इथे कसा?" माझ्या अंगावर काटा आला. ही सवय लागावी म्हणून हा विषय शाळेत हवा, आणि याच वयात हवा.

आणखी एक उत्तर
हे छानच, पण पेपरात शेवटी सनावळ्याच विचारतात ना?

उत्तर (वरच्याच बाई)
विचारतात, आणि मला ते खटकतं. तरी सनावळ्या टाकून देऊ नका. क्रमच माहीत नसेल तर कशामुळे काय झालं हे कळणार कसं? मुलीला एका कागदावर ओळीने लिहायला सांगा: १९१४. २८ जून, सारायेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युवराजाची हत्या. २८ जुलै, ऑस्ट्रिया-हंगेरीचं सर्बियाविरुद्ध युद्ध. १ ऑगस्ट, जर्मनीचं रशियाविरुद्ध. ३ ऑगस्ट, फ्रान्सविरुद्ध. ४ ऑगस्ट, ब्रिटन युद्धात. मग एकच विचारा: हे कुठे थांबवता आलं असतं? तुम्ही उत्तर देऊ नका, तिला बोलू द्या.

प्रश्नकर्ता
आज बसलो दोघं. ऑगस्टच्या तारखांकडे तिने बघितलंही नाही. २८ जून आणि २८ जुलैच्या मध्ये पेन्सिलीने मोठा गोल काढला आणि म्हणाली, "हा अख्खा महिना सगळे करत काय होते?" मला सांगता येईना.

उत्तर (बाई)
नेमक्या जागी बोट ठेवलं तिने! त्या गोलात २३ जुलै लिहायला सांगा. त्या दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला, उत्तराला मुदत फक्त ४८ तास. त्यातल्या अटी आणि सर्बियाचं उत्तर, दोन्ही शोधून तिच्यापुढे शेजारी शेजारी ठेवा. फोनवर सापडतील.