मालवणात वर्षभर राहायचं असेल तर घर घेण्याआधी काय काय बघावं?

सुरुंगी

नमस्कार. आम्ही चौघं पुण्याहून मालवणात राहायला यायचं ठरवतोय, निदान वर्षभरासाठी. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत सामान हलवायचं आहे. यजमानांचं काम ऑनलाइन, रोज दुपारी २ ते रात्री १०. मुलगी चौथीत जाईल. सासूबाई ७२ वर्षांच्या, बीपी आणि शुगर दोन्ही, इन्सुलिन चालू आहे.

किल्ला, स्कूबा, तारकर्लीचा किनारा यांची माहिती नको, ती हवी तेवढी मिळते. भाड्याची तीन घरं समोर आहेत: देवबागला किनाऱ्यालगत, वायरीत माडांच्या बागेत आणि कुंभारमाठला सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर. तिन्ही मालक म्हणतात पाणी मुबलक, लाइट जात नाही. आम्ही ही घरं डिसेंबरात पाहिली आहेत. पाणी, वीज, पाऊस, दवाखाना आणि सीझनमधली गर्दी यांचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो, हे तिथे राहणाऱ्यांकडून ऐकायचं आहे.

चिरेबंदी

डिसेंबरात तिन्ही घरं सारखीच छान दिसणार. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जा आणि आधी विहीर बघा, घर नंतर.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. वाळूत पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पंप तासभर सलग चालवला की गोड्याचा थर खाली बसतो आणि खारं पाणी वर चढतं. एप्रिल-मेमध्ये आजूबाजूचे सगळे होमस्टे भरलेले असतात, सगळ्यांचे पंप एकाच वेळी चालतात, त्यामुळे जानेवारीत गोडी असलेली विहीर मेमध्ये मचूळ होते. वायरीतही किनाऱ्याकडच्या वाडीत हाच धोका आहे, जरा कमी. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घेऊन जा, स्वस्त मिळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पंप चालू करायच्या आधी एकदा मोजा आणि अर्धा तास चालल्यावर पुन्हा मोजा. आकडा झपाट्याने चढला तर ती विहीर चौघांना पुरणार नाही. उकळून खारटपणा जात नाही, उलट वाढतो. अशा विहिरीवर पंप १५ मिनिटं चालवायचा, मग तासभर थांबायचं आणि टाकी थोडी थोडी भरायची.

कुंभारमाठला खाऱ्याचा प्रश्नच नाही, पण तिथे जांभा आहे. पावसाचं पाणी त्यातून लवकर निघून जातं आणि विहिरी खोल असल्या तरी एप्रिलअखेर तळ दिसायला लागतो. मालकांना विचारा की मेमध्ये टँकर मागवावा लागतो का, आणि लागला तर पैसे कोणी द्यायचे. मालवण शहराला नळाचं पाणी धामापूर तलावातून येतं. नगरपरिषदेच्या हद्दीत नळजोडणी असलेलं घर मिळालं तर या तिन्हींपेक्षा त्याचा आधी विचार करा. मेढा, धुरीवाडा, भरड या बाजूला शोधून बघा.

आता शौचालयाचं. शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब हवा. पण अंतर फक्त आपल्याच खड्ड्याचं मोजून भागत नाही, शेजारच्या लॉजचाही बघा. जुलैत वाळूतलं पाणी जमिनीच्या जवळ येतं, खड्ड्यातलं पाणी मुरत नाही आणि तेच विहिरीकडे सरकतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर एच-टू-एस बाटलीत, म्हणजे पाण्यातले जंतू तपासायच्या बाटलीत, पाणी भरून ठेवा. दोन दिवसांत काळं पडलं तर ते पाणी पिऊ नका.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकताना बहुतेक घरांत अंदाजे मूठ मारतात. हिशोब सोपा आहे, १००० लिटरला २.५ ग्रॅम. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर साधारण २८,००० लिटर होतात, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादली पाऊण भरा आणि १० मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढा, खालचा चुना फेकून द्या. ती बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा आणि निदान तासभर पाणी उपसू नका. रात्री केलेलं बरं. टीसीएलची पिशवी उघडी राहिली तर दमट हवेत त्यातला क्लोरीन उडून जातो, मग कितीही टाका, उपयोग नाही. पावसाळ्यात घरोघर हेच होतं. झाकण घट्ट बसेल अशा प्लास्टिकच्या बरणीत ठेवा.

झड_आणि_पावळी

पाण्याचं वर सगळं आलंय, मी पाऊस आणि वीज घेतो.

मृग ७-८ जूनला लागतो. कौलं शाकारून घ्यायची ती मेच्या पहिल्या पंधरवड्यात. जून उजाडला की कामाला माणूस मिळत नाही. घर ताब्यात घेताना मालकांकडून त्याच कारखान्याची २०-२५ जादा कौलं मागून घ्या. दुसऱ्या कारखान्याच्या कौलाची खाच नीट बसत नाही आणि त्या सांध्यातून पाणी येतं. वायरीत बाग आहे म्हणजे माकडं येणार, ती कौलं फोडतातच. पश्चिमेकडची पडवी माडाच्या झापांनी किंवा जाड ताडपत्रीने बंद करावी लागते. पाऊस तिथे सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा आत येतो. बंद केली नाहीत तर भिंत ओली होते आणि भिंतीलगतचं कपाट बुरशीने जातं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

किनाऱ्यालगतच्या घरात खारा वारा लोखंड खातो. खिडकीचे गज, फ्रीजची मागची जाळी, एसीचा बाहेरचा भाग, गॅस शेगडीचे स्क्रू, सगळ्यांचा यात नंबर लागतो. सीझन संपला की गज आणि एसीची जाळी गोड्या पाण्याने धुवा. नवीन कडी-बिजागरी घ्यायची तर पितळेची किंवा ३१६ ग्रेडच्या स्टीलची. ३०४ ग्रेडवर तिथे तांबडे डाग पडतात. एसी घ्यायचाच तर तांब्याच्या कॉइलचा, आणि त्याची बाहेरची पेटी समुद्राकडच्या भिंतीवर लावू नका.

लाइट जाते. झाड पडतं, तार तुटते, आणि वायरमनला त्या पावसात सगळी लाइन पायी बघत यावं लागतं. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळात कित्येक वाड्या दिवसेंदिवस अंधारात होत्या. ऑनलाइन काम असेल तर इन्व्हर्टरचा हिशोब आधीच करा. १५० एएचच्या एका ट्युब्युलर बॅटरीतून प्रत्यक्षात १२००-१३०० वॉट-तास मिळतात. साधे ७५ वॉटचे तीन पंखे, चार एलईडी दिवे आणि राउटर एवढा भार २७० वॉटच्या आसपास जातो, म्हणजे साडेचार तास. तेच पंखे २८-३० वॉटचे बीएलडीसी घेतले तर भार १३५ च्या आत आणि बॅटरी नऊ तास पुरते. दुसऱ्या बॅटरीवर खर्च करण्याआधी पंखे बदला. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर मेमध्येच भरा.

इंटरनेटला एक फायबर आणि शिवाय दुसऱ्या कंपनीचं सिम. दोन्ही एकाच कंपनीची नकोत, तार एका जागी तुटली की दोन्ही जायची शक्यता असते. मोबाइल टॉवरची बॅटरीही काही तासांनी संपते, म्हणून कोणत्या टॉवरला जनरेटर आहे ते स्थानिक दुकानदाराला विचारा. विजा रोहिणीत आणि ऑक्टोबरात जास्त पडतात. तेव्हा राउटरची वायर आणि प्लग दोन्ही काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि वीजबिल मागून बघा. होमस्टेच्या मीटरवर वाणिज्य दर लागलेला असेल तर तो फरक तुमच्या खिशातून जाईल.

सोलां_आणि_सुकट

मासळेचा मी सांगतंय. ताईनू, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होडयो बंद. तेव्हा बाजारात मिळता ता एकतर बर्फातला, नायतर खाडयेतला. सीझनात सुरमय, पापलेट हॉटेलवाले उचलतत, म्हणान घरात खावक बांगडे, तारले, पेडवे बघा. ताजे असतत आणि परवडतत. सुकी मासळी मे महिन्यात घेवन ठेवा, पावसाच्या आधी. घरी आणल्यार परत दोन उन्हां दाखवा आणि डब्यात भरूच्या आधी थंड होवक देवा. गरम भरल्यात तर वाफ धरता आणि बुरो येता. सोलां पण तशीच. आणि माडाखाली गाडी लावू नकात. वायरीतल्या घराक नारळ उतरवचो पाडेली ठरलेलो आसा काय, ता विचारून घेवा.

कसालतिठा

सासूबाई ७२ वर्षांच्या आणि इन्सुलिनवर, त्यामुळे देवबाग मी सुचवणार नाही. त्या पट्टीत जायला-यायला एकच रस्ता आहे. २४ डिसेंबर ते २ जानेवारी, दिवाळीची सुट्टी, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. शाळेची रिक्षा अडकते, तशी रुग्णवाहिकाही अडकते. पावसाळ्यात उधाणाला लाटा वस्तीपर्यंत येतात. देवबागच्या लोकांनी कुठे वाळू खचते, कुठे पाणी घुसतं हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. नवख्या माणसाला पहिल्याच वर्षी ते कळणं कठीण.

मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ओरोसला. हृदयाचं, मेंदूचं किंवा मोठ्या अपघाताचं प्रकरण पुष्कळदा गोव्यात बांबोळीला न्यावं लागतं, म्हणजे शंभरेक किलोमीटर. सासूबाईंच्या फायलीच्या दोन प्रती करून एक गाडीत ठेवा. औषधं महिनाभराची जादा ठेवा. चालू इन्सुलिनची बाटली ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे टिकते, शिल्लक बाटल्या मात्र २ ते ८ अंशांतच. लाइट दिवसभर गेली तर फ्रीज सारखा उघडू नका. लाइट येण्याची चिन्हं दिसेनात तर शिल्लक बाटल्या बर्फाच्या डब्यात हलवा, पण बर्फाला चिकटवून नाही. गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं.

सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो. हातभर लांबीचं, मातकट, जांभ्याच्या दगडावर चटकन दिसत नाही. चिऱ्यांच्या ढिगात आणि लाकडांच्या रचणीत बसतं, पहिल्या पावसांच्या संध्याकाळी बाहेर पडतं. कुंभारमाठचं घर घेतलंत तर अंगणातला चिऱ्यांचा ढीग आधी हलवून घ्या. अंधारात बॅटरी आणि बूट हवेतच. चावलंच तर दोरी आवळू नका, जखम कापू नका. पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा किंवा प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात थेट न्या. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. दंश बारीक दिसतो म्हणून सकाळपर्यंत थांबलेल्यांचे हाल होतात.

प्रवासाचं थोडक्यात. जवळचं मोठं स्टेशन कुडाळ, ३० किलोमीटरच्या आत. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीची तिकिटं पहिल्या काही मिनिटांत संपतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, पण तिथल्या फेऱ्या बदलत राहतात, गोव्यातल्या मोपा विमानतळाचा पर्याय हाताशी ठेवा. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलाने ठरते, कॅलेंडरात आधी सापडत नाही. ती जाहीर झाली की त्या दोन दिवसांत दवाखान्याची वेळ घेऊ नका.

एक आनंदाची गोष्टही सांगतो, कारण ती माहितीपत्रकांत फारशी नसते. जलक्रीडा मेच्या अखेरीस बंद होतात, त्या ऑगस्टअखेरपर्यंत. त्या दिवसांत बाजारपेठेत निवांत चालता येतं आणि दुकानदारांना बोलायला वेळ असतो. ओळखी होतात त्या तेव्हाच. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रांत दशावतार सुरू होतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं, तिकीट नसतं. मुलीला शनिवारी जरूर न्या. जानेवारीपर्यंत अंगावर शाल लागते.

सुरुंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. देवबाग रद्द. मेमध्ये मीटर घेऊन येतोय आणि भरड-मेढ्याकडे नळाचं घरही बघतो. एक राहिलं. वायरीचे मालक ११ महिन्यांचाच करार म्हणतात, आणि "सीझनला एक खोली लागली तर बघू" असंही म्हणाले.

चिरेबंदी

११ महिन्यांना हो म्हणू नका. १ जूनला सुरू झालेला करार ३० एप्रिलला संपतो, म्हणजे ऐन सीझनमध्ये, मुलीच्या परीक्षेच्या सुमारास. ११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी करार आणि नोंदणी कितीही मुदतीला लागते, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची. मग २४ महिन्यांचाच करा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असतं, त्यामुळे मुदत वाढवून फार खर्च वाढत नाही.

करारात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. संपूर्ण घर बाराही महिने तुमच्या ताब्यात, एकही खोली पर्यटकांना नाही. शाकारणी मालकाच्या खर्चाने १५ मेपर्यंत. पंप बिघडला तर दुरुस्ती कोणाची. विहिरीत शेजारच्या होमस्टेचा पाइप सोडायचा नाही. हे शेवटचं तोंडी ठेवू नका, मेमध्ये वाद होतात ते यावरूनच. नोंदणी झाली की प्रत घेऊन पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देऊन या आणि मगच टेम्पो ठरवा.